हरलो, ते नेमकं कुठे?

मुलांनो, आज जरा कडू विषय काढतोय. हरण्याचा. तोंड वाकडं करू नका. कारल्याची भाजीसुद्धा नीट केली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यावीशी वाटते.

समजा, तुमचा कबड्डीचा संघ अंबडचा आहे. तालुक्याला तुम्ही जिंकलात. मग जिल्ह्याच्या सामन्यासाठी एसटीनं जालन्याला गेलात आणि तिथे तीन गुणांनी हरलात. परतीच्या एसटीत काय बोलणं चालतं? मी सांगतो.

"पंचांनी बघितलंच नाही रे, त्याचा पाय बाहेर होता!"

"मॅटवर पाय सटकत होते. आपल्याला मातीची सवय."

"नशीबच फुटकं आपलं."

मग मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "शेवटच्या चढाईत ह्यानं कच खाल्ली, म्हणून हरलो!" ज्याला उद्देशून म्हटलं, तो खिडकीबाहेर बघत बसतो. जालना ते अंबड काही फार लांब नाही, पण त्याला तो रस्ता संपता संपत नाही. दुसऱ्या दिवशी तो सरावाला येत नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे सामना तर गेलाच, वर चांगला चढाईपटूही गेला. मला विचाराल तर ही दुसरी हार पहिलीपेक्षा मोठी.

ही दुसरी हार टाळता येते. त्यासाठी हरलेल्या सामन्याचा पंचनामा करायला शिकावं लागतं.

पंचनामा हा शब्द जालना जिल्ह्यातल्या मुलांना काही नवा नाही. गारपीट झाली की मोसंबीच्या बागेत माणसं येतात. झाडं किती, फळं किती गळली, नुकसान किती, हे बघतात आणि कागदावर लिहितात. त्यात 'आमचं नशीब वाईट' असा रकाना नसतो. 'दोष कोणाचा' हाही नसतो. आधी जे झालं ते मोजायचं, मग बाकीचं. सामन्याचंही तसंच करायचं. पण कसं, ते समजायला आपण एक खराखुरा, फार मोठा सामना घेऊ. त्यासाठी अंबडहून थेट इंडोनेशियाच्या जकार्ता शहरात जावं लागेल.

साल २०१८. आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. कबड्डी हा तर आपला खेळ! त्याचे नियम घडवण्यात महाराष्ट्राचा केवढा तरी वाटा. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा या स्पर्धेत पदकासाठी खेळली गेली आणि तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताने जिंकली होती. मुलींची कबड्डी २०१० मध्ये आली. तिची दोन्ही सुवर्णपदकंही आपलीच. जकार्ताला निघालेल्या संघांत आपली मराठी मुलंमुलीही होती. रिशांक देवाडिगा आणि गिरीश इरनाक पुरुषांच्या संघात, सायली केरीपाळे आणि सोनाली शिंगटे महिलांच्या.

२३ ऑगस्टला उपांत्य सामन्यात इराणने आपल्या पुरुषांना २७-१८ असं हरवलं. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यात इराणच्याच मुलींनी आपल्या मुलींना २७-२४ असं हरवलं. दोन दिवसांत दोन्ही सुवर्णपदकं गेली. पुरुषांना तर अंतिम सामनाही खेळायला मिळाला नाही.

आता काढा वही आणि पेन्सिल. कुणालाही नावं न ठेवता नुसते आकडे मांडू.

पुरुषांच्या सामन्यात मध्यंतराला गुण होते ९-९. बरोबरी! शेवटी झाले २७-१८. मग मध्यंतरानंतरचे गुण किती? वजाबाकी करा. भारत ९, इराण १८. गंमत दिसली का? आपण पहिल्या अर्ध्यात नऊ गुण मिळवले आणि दुसऱ्या अर्ध्यातही नऊच. म्हणजे 'आपली पोरं दमली, खेळायचंच विसरली' असं आकडे म्हणत नाहीत. आपण जिथे होतो तिथेच राहिलो, आणि समोरच्याने आपलं काम दुप्पट केलं.

आता मुलींचा सामना. मध्यंतराला आपण १३-११ असे पुढे होतो. शेवट झाला २४-२७ असा. मध्यंतरानंतर आपले ११, त्यांचे १६. इथेही तेच. पहिला अर्धा आपला, दुसरा त्यांचा.

एवढ्या साध्या वजाबाकीने केवढा फरक पडला बघा. 'आपण का हरलो?' हा प्रश्न गारपिटीच्या ढगाएवढा मोठा होता. तो आता लहान झाला. 'मध्यंतरानंतर असं काय बदललं, की इराणचे गुण वाढले आणि आपले वाढले नाहीत?' मोठा प्रश्न आला की माणूस नशिबाकडे बोट दाखवतो. लहान प्रश्नाचं उत्तर शोधता येतं.

उत्तर शोधायला तीन टोपल्या घ्या. पहिल्या टोपलीत टाकायचं ते आपल्या हातात नसलेलं. आपला कर्णधार अजय ठाकूर त्या सामन्यात डोक्याला लागून जायबंदी झाला. ही पहिल्या टोपलीतली गोष्ट. पंचांचा निर्णय, नाणेफेक, मॅट की माती, हेही इथेच. या टोपलीतल्या गोष्टी खऱ्या असतात, खोट्या नसतात. पण त्यांचं आपण काहीच करू शकत नाही. म्हणून त्या लिहायच्या आणि टोपली बाजूला ठेवायची. नाहीतर 'नाचता येईना अंगण वाकडं' व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या टोपलीत त्या दिवशी आपल्या हातात होतं ते. कर्णधार जखमी झाला तर पुढे कोणी चढाया करायच्या, हे आधी ठरलेलं होतं का? समोरच्यांनी पकडीची जागा बदलली, ते मैदानावरच्या कुणाच्या लक्षात आलं का? घाई कुठे केली? थांबायचं होतं तिथे थांबलो का?

तिसरी टोपली सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. तिच्यात सामन्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या हातात असलेल्या गोष्टी. या टोपलीसाठी २०१८ पुरेसं नाही, मागची पानं उलटावी लागतील.

२०१० च्या आशियाई स्पर्धेतही पुरुषांच्या अंतिम सामन्यात समोर इराणच होता. आपण ३७-२० असे जिंकलो. सतरा गुणांनी! २०१४ मध्ये पुन्हा इराण. आपण जिंकलो, पण २७-२५. फक्त दोन गुणांनी. आणि २०१८ मध्ये नऊ गुणांनी हरलो. अधिक सतरा, अधिक दोन, उणे नऊ. ही उतरती भाजणी आहे की नाही? २०१४ ला सुवर्णपदक मिळालं, ढोलताशे वाजले, पण त्या पदकामागे 'फक्त दोन गुण' असं लिहिलेलं होतं.

आणखी एक पान. २०१६ मध्ये अहमदाबादला विश्वचषक झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ३४-३२ असं हरवलं. पुढे आपण अंतिम सामन्यात इराणला ३८-२९ ने हरवून विश्वचषक जिंकला. ताटात श्रीखंड आलं की आधी खाल्लेलं कारलं कोण आठवतो? जकार्तातही उपांत्य सामन्याच्या आधी, गटातच, दक्षिण कोरियाने आपल्याला २४-२३ असं हरवलं होतं. म्हणजे घंटा एकदा नाही, तीनदा वाजली होती.

मग या वर्षांत इराण काय करत होता?

एक तर, इराणात कुस्ती घरोघरची. कुस्तीत ज्याचे हात तयार झाले, त्याला कबड्डीतली पकड काही परकी नाही. दुसरं म्हणजे, आपल्याकडे २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिच्यात इराणचे खेळाडू येऊन खेळू लागले. फजल अत्राचली हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. मुंबईच्या संघाकडून खेळून त्याने इथल्या प्रेक्षकांच्या टाळ्या घेतल्या. अबोझार मिघानीही आपल्याच लीगमध्ये खेळला. आता विचार करा. आपला चढाईपटू डावीकडून आत शिरतो की उजवीकडून, हूल कुठे देतो, दमला की काय करतो, हे सगळं ही मंडळी सामन्यामागून सामने जवळून बघत होती. जकार्तात ते दोघेही इराणच्या संघात होते. ते आपल्याला ओळखत होते. आपण त्यांना तेवढं ओळखत होतो का? हा प्रश्न तिसऱ्या टोपलीत.

मुलींच्या संघाची गोष्ट तर याहून ऐकण्यासारखी आहे. इराणच्या त्या सुवर्णविजेत्या मुलींची प्रशिक्षक कोण होती, माहीत आहे? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! महाराष्ट्रात वर्षानुवर्षं कबड्डी शिकवलेल्या या बाई जकार्ताच्या साधारण दीड वर्ष आधी इराणला गेल्या. देश परका, खाणंपिणं वेगळं, भाषा वेगळी. बाईंनी फारसी शिकायला घेतली. मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. कबड्डी हा दमाचा खेळ, हे तुम्हाला मी काय सांगायचं? 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका श्वासात जाऊन परत यायचं असतं. २०१४ च्या अंतिम सामन्यात ह्याच इराणला आपल्या मुलींनी ३१-२१ असं, दहा गुणांनी हरवलं होतं. चार वर्षांत ते दहा गुण भरून निघाले आणि वर तीन झाले.

तुमच्यातला एखादा चिडून विचारेल, "म्हणजे आपल्याच बाईंनी आपल्याला हरवलं? ही फितुरी नाही का?"

नाही. अजिबात नाही. आपल्या हॉकी संघाने टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ४१ वर्षांनी पदक मिळवलं, तेव्हा प्रशिक्षक होते ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड. तेव्हा आपण पेढे वाटलेच ना? विद्या ही विहिरीसारखी असते, ज्याला तहान आहे तो दोर घेऊन येतो. इराणला शिकायची तहान होती. ते दोर घेऊन नाशिकपर्यंत आले. चिडायचंच असेल तर 'आपल्या घरची विहीर आपण किती वापरली?' या प्रश्नावर चिडा. तोही तिसऱ्या टोपलीत टाका.

म्हणजे जकार्तातली हार जकार्तात सुरू झालेली नव्हती. ती आपल्या विजयांच्या पानांतच हळूहळू वाढत होती. म्हणून पंचनाम्याचा पहिला नियम मी तुम्हाला उलटा सांगणार आहे. हरल्यावर तर वही उघडाच, पण जिंकल्यावर आधी उघडा. जिंकलेल्या दिवशी कुणी कुणावर चिडलेलं नसतं, म्हणून चुका शांतपणे दिसतात.

आता वही कशी ठेवायची ते सांगतो. शंभर पानी साधी वही पुरे. लिहायचं काम राखीव खेळाडूला द्या, किंवा पाय मुरगळून बाकावर बसलेल्याला. त्यालाही सामन्यात असल्यासारखं वाटतं. पाच रकाने आखा : कितवं मिनिट, चढाई कोणाची, समोर किती खेळाडू, काय झालं, गुण किती. 'काय झालं' मध्ये एकच शब्द. स्पर्श, पकड, बोनस किंवा रिकामी.

सामना संपल्यावर ही वही काय काय बोलते बघा. समोर सहा किंवा सात खेळाडू असताना बोनसचा गुण मिळू शकतो. तशा किती चढायांत आपण प्रयत्नच केला नाही? आपण दोघेतिघेच उरलो, तेव्हा बावरून बाद झालो की धीर धरून पकड केली? तिघे किंवा त्याहून कमी असताना केलेली पकड 'अव्वल पकड' असते, तिला एक गुण जादा मिळतो. आणि आपल्यावर लोण कधी चढला? लोणाचे दोन गुण जादा. एक लोण आणि एक हुकलेला बोनस, झाले तीन गुण! अंबडच्या संघाची ती तीन गुणांची हार आठवतेय ना? ती कदाचित सातव्या-आठव्या मिनिटालाच झाली असेल, आणि आपण बोट दाखवत होतो शेवटच्या मिनिटाकडे.

त्या शेवटच्या चढाईचाही हिशेब करू. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. मुलींचा सामना १५-१५ मिनिटांचा, म्हणजे एकूण ३० मिनिटं. दोन्ही संघांच्या मिळून साधारण ६० चढाया तरी होणारच. त्यातली शेवटची एकच. बाकीच्या ५९ गेल्या कुठे?

कधी कधी वही याहून मोठं गुपित सांगते. समजा, वहीत दिसलं, की सामन्याच्या शेवटी आपल्या दहा चढायांपैकी सात एकाच मुलानं केल्या. बाकीच्यांनी 'तू जा, तू जा' म्हणत त्यालाच पुढे ढकललं. तो सहा वेळा गेला, दमला आणि सातव्या वेळी पकडला गेला. मग हरवलं कुणी? ज्यानं सगळ्यांचं ओझं वाहिलं, एसटीत आपण त्यालाच बोल लावला होता. वही नसती तर हे कधीच कळलं नसतं.

दुसरा नियम सोपा आहे. त्याच संध्याकाळी पंचनामा करायचा नाही. आमच्या अंबडला मत्स्योदरी देवीचा डोंगर आहे. डोंगर माशाच्या आकाराचा म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी. पण डोंगरावरच उभे राहिलात तर मासा कसा दिसेल? पायाखाली नुसते दगड दिसतात. आकार दिसायला जरा लांब जावं लागतं. सामन्याचंही तसंच. एक-दोन दिवस जाऊ द्या. रडायचं असेल तर रडून घ्या, त्यात लाज कसली? मग सगळे गोल करून बसा. आधी प्रत्येकानं स्वतःची एक चूक सांगायची आणि दुसऱ्याची एक चांगली गोष्ट. दुसऱ्याची चूक सांगायची झाली तर वहीतली ओळ दाखवून सांगायची. वहीत नसेल तर बोलायचं नाही.

दोन शब्द आईबाबांसाठी. तेही हे पान वाचतात, मला ठाऊक आहे. पोरगं किंवा पोरगी हरून घरी आली, की पहिला प्रश्न 'का रे हरलात?' असा नको. तो प्रश्न दोन दिवसांनी विचारा. पहिला प्रश्न 'जेवलास का?' एवढाच असू द्या. आणि 'शेजारच्या शाळेची पोरं बघ' हे तर मनातसुद्धा आणू नका. त्या शाळेची वही आपण कुठे बघितलीय?

जकार्तानंतर पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. पुढची आशियाई स्पर्धा चीनमधल्या हांगझोऊला झाली, २०२३ मध्ये. ७ ऑक्टोबरला दोन्ही अंतिम सामने. मुलींसमोर चिनी तैपेईचा संघ होता. गटात त्यांच्याशी ३४-३४ अशी बरोबरी झाली होती. अंतिम सामना आपण जिंकलो, २६-२५. एका गुणाने! पुरुषांसमोर पुन्हा इराणच. २८-२८ अशी बरोबरी असताना एका चढाईच्या गुणांवरून मोठा वाद झाला, खेळ बराच वेळ थांबला आणि शेवटी आपण ३३-२९ असे जिंकलो. त्या संघात आपले अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. दोन्ही सुवर्णपदकं परत घरी आली.

टाळ्या वाजवून झाल्या? आता सांगा, इतका वेळ आपण काय शिकलो? एका गुणाने जिंकलेला सामना, आणि चार गुणांनी जिंकलेला सामना. या दोन विजयांच्या पानांवर तुम्ही काय लिहाल? पुढच्या स्पर्धेआधी कोणती टोपली उघडाल?

या आठवड्याचा अभ्यास हाच. तुमच्या शाळेचा किंवा गल्लीचा एखादा सामना घ्या. कबड्डीच पाहिजे असं नाही. खो-खो, फुटबॉल, लंगडी, काहीही चालेल. पण सामना तुम्ही जिंकलेला हवा. त्याचे आकडे मांडा, तीन टोपल्या भरा आणि त्या विजयात लपलेल्या दोन चुका शोधून काढा. सापडल्या तर त्या चूक करणाऱ्याच्या कानात जाऊन हळूच सांगा आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून त्याचा सराव करा.

चला, मैदानावर पळा आता. अंधार पडायच्या आत घरी या.